नवीन ४३ इंची टीव्ही: चित्र कुठे ताणलेलं, कुठे कापलेलं, कुठे चारी बाजूंनी काळं. कुठली सेटिंग कुठे बघायची?

मंगळवारपेठी
नमस्कार मंडळी. जुना ट्यूबचा टीव्ही बंद पडला म्हणून आई-बाबांसाठी ४३ इंची एलईडी घेतला. केबलचा एचडी बॉक्स एचडीएमआय वायरने जोडलाय. चित्र स्वच्छ आहे, रंगांबद्दल तक्रार नाही. पण आकाराचं काहीतरी बिनसलंय, आणि सगळीकडे सारखं बिनसलेलं नाही हीच डोकेदुखी आहे.

काही चॅनलवर माणसं रुंद दिसतात. बातम्या देणाऱ्या बाईंचे गाल फुगलेले, गाड्यांची चाकं लंबगोल. फुटबॉल लावला की वरच्या कोपऱ्यातला स्कोअर निम्मा पडद्याबाहेर, खालची बातम्यांची पट्टी अर्धीच वाचता येते. आणि एका सिनेमाच्या चॅनलवर दुपारी जुने रंगीत सिनेमे लागतात, तेव्हा चारी बाजूंनी काळं आणि मधोमध छोटं चित्र.

दुकानदार म्हणतो चॅनलवरूनच तसं येतं. केबलवाला म्हणतो टीव्हीत बघा. बाबा म्हणतात टीव्ही परत देऊन टाक. नक्की कुठे हात घालायचा?

तांबडापांढरा
भावा, टीव्हीच्या रिमोटवर आकार बदलायचं बटण असतंय. ते दाबून झूम करून टाक, काळं सगळं जातंय बघ. आमच्यात तसंच ठेवलंय.

मंगळवारपेठी
झूम केलं की सिनेमा मोठा होतो, खरं आहे. पण चॅनल बदलला की बातम्यांची पट्टी पूर्णच गायब आणि माणसांची डोकी कापलेली. दर चॅनलला बटण दाबत बसणं आईला जमणार नाही.

जुना मेकॅनिक
कोल्हापुरात राजारामपुरीत टीव्ही दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे एक बिघाड नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एका बटणाने तिन्ही सुटणार नाहीत. चित्राचा आकार तीन जागी बदलू शकतो: चॅनल पाठवतो तिथे, बॉक्समध्ये आणि टीव्हीत. जिथे बिघडला तिथेच दुरुस्त करायचा. बॉक्सने ताणायचं आणि टीव्हीने आकसायचं असं केलं की एक चॅनल सुधारतो आणि बाकीचे बिघडतात. गिऱ्हाईक वैतागतं ते इथेच.

तेव्हा आत्ता काही बदलू नका. आधी एवढं बघून सांगा.

घरातलं जेवणाचं ताट भिंतीला टेकवा, अगदी समोरून मोबाइल आडवा धरून फोटो काढा, पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावा. पडद्यावर ताटाची रुंदी आणि उंची टेपने मोजा. दोन्ही सारख्या आल्या तर टीव्ही निर्दोष आहे, परत द्यायचा विषय संपला.

मग बॉक्सचा मेनू उघडा. हा मेनू बॉक्स स्वतः रेखाटतो, चॅनलचा त्याच्याशी संबंध नसतो. कडेची अक्षरं मेनूतही कापली जात असतील तर कात्री टीव्हीची आहे.

शेवटी त्या सिनेमाच्या काळ्या पट्ट्या मोजा. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. जुन्या ४:३ आकाराचं, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच, चित्र त्यावर न ताणता बसवलं तर ते ७१ सेंटिमीटर रुंद होतं, म्हणजे डावीकडे १२ आणि उजवीकडे १२ सेंटिमीटर काळं. सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा, चित्रपट एचडीत नीट आला तर बाजूला काहीच नाही, फक्त वर-खाली सुमारे सात-सात सेंटिमीटर. पट्टी किती जाड आहे यावरून ती कुणी टाकली ते बहुतेक वेळा कळतं.

मंगळवारपेठी
काका, मोजलं. ताट गोल आहे, रुंदी-उंची सारखी. बॉक्सच्या मेनूतला कोपऱ्यातला चॅनल नंबर कापला जातोय. सिनेमाला डावी-उजवीकडे प्रत्येकी बारा सेंटिमीटरच्या आसपास आणि वर-खाली सातला थोडं कमी.

जुना मेकॅनिक
झालं मग, सगळं उलगडलं. कापलेल्या कडांपासून सुरू करतो, कारण त्या दुरुस्त केल्याशिवाय पुढचं मोजमाप खरं येत नाही.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ट्यूबच्या टीव्हीत विजेचा दाब कमी-जास्त झाला, सेट तापला, की चित्र आकसायचं किंवा पसरायचं. कडेला काळी फट दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र ट्यूबच्या चौकटीपेक्षा थोडं मोठं ठेवत. चॅनलवाल्यांनाही ते माहीत असायचं, म्हणून ते अक्षरं कडेपासून आत ठेवायचे. सपाट पडद्याला याची काही गरज नाही, प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली असते. तरी पुष्कळ टीव्ही अजून कारखान्यातून ओव्हरस्कॅन चालू ठेवूनच येतात. प्रत्येक बाजूला अडीच टक्के कापलं तरी फुल एचडी चित्राच्या १०८० ओळींतल्या वरच्या २७ आणि खालच्या २७ गेल्या, १९२० उभ्या रांगांतल्या दोन्हीकडच्या ४८-४८ गेल्या. तुमचा स्कोअर तिथेच गेलाय. शिवाय उरलेलं चित्र ताणून पडदा भरायचा असल्यामुळे बारीक अक्षरं धूसर होतात ते वेगळंच. हे टीव्हीच्या मेनूत बंद करायचं.

रुंद चेहरे हे बॉक्सचं काम. आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एसडी, चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. हेच ठिपके ४:३ चित्रालाही वापरतात आणि १६:९ चित्रालाही. संख्या तीच, फक्त सोबत एक खूण येते: हे चौकोनी समजा, किंवा हे रुंद समजा. तुमचा बॉक्स ती खूण वाचतो, पण त्याला 'काहीही आलं तरी पडदा भर' असं सांगून ठेवलेलं असणार. मग ४:३ चित्र एक तृतीयांशाने रुंद होतं. शिवाय बॉक्स ते स्वतःच १९२० बाय १०८० करून पाठवतो, त्यामुळे टीव्हीला वाटतं की अस्सल एचडी आलं. टीव्हीला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्यापर्यंत खूण पोचतच नाही.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. टीव्हीचा आकार १६:९ ठेवा, तो बदलू नका. त्याच्याच आसपास ४:३ चित्र कसं दाखवायचं असा दुसरा पर्याय असतो. कुठे 'नॉर्मल', कुठे 'ओरिजिनल', कुठे 'पिलरबॉक्स' लिहिलेलं असतं. ते निवडा. 'स्ट्रेच' किंवा 'फुल' असेल तर तेच तुमचं दुखणं.

राहिला सिनेमा. बाजूला बारा आणि वर-खाली सात अशी दोन्ही मापं एकदम आली म्हणजे रुंद सिनेमा आधी कुणीतरी ४:३ टेपवर वर-खाली काळं ठेवून उतरवला, आणि आता तीच टेप १६:९ चॅनलवर बाजूला काळं ठेवून दाखवतायत. काळ्यात काळं. पडद्याचा जेमतेम ५६ टक्के भाग वापरला जातोय. ही पट्टी चित्रातच उतरून आलेली असते, ती सेटिंगने कायमची जाणार नाही. तेवढ्या सिनेमापुरता झूम करायचा. तिथे झूम अगदी योग्य आहे, कारण नुसतं काळंच कापलं जातं.

रंकाळावेस
काकांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून. ओव्हरस्कॅन असा शब्द मेनूत शोधला तर बहुतेकांना सापडत नाही, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. एलजीत 'जस्ट स्कॅन' चालू करायचं. सॅमसंगमध्ये 'पिक्चर साइझ'खाली 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन' बघा. सोनीत 'डिस्प्ले एरिया' मध्ये 'फुल पिक्सेल'. पॅनासोनिकमध्ये '१६:९ ओव्हरस्कॅन' असतं, ते बंद करायचं. मॉडेलप्रमाणे एखादी पायरी मागेपुढे होते. सेटिंग दिसते पण निवडता येत नाही असं झालं तर आधी आकार १६:९ करा, मग ती उघडते.

आणखी एक लक्षात ठेवा, पुष्कळ टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळी साठवली जाते. एचडीएमआय १ वर केली म्हणून एचडीएमआय २ वर लागू होईलच असं नाही. पुतण्याने गेमचा डबा दुसऱ्या जागी जोडला की पुन्हा स्कोअर कापला जातो आणि लोक समजतात सेटिंग उडाली.

तांबडापांढरा
काका म्हणतायत ते पटलं, पण एक विचारतो. माणसानं पैसे ४३ इंचाचे मोजले. जुनं चित्र नॉर्मल ठेवलं की दोन्हीकडे बारा-बारा सेंटिमीटर काळं. मग मोठा टीव्ही घेऊन उपयोग काय? घरची माणसं पहिलं हेच विचारतात.

जुना मेकॅनिक
प्रश्न रास्त आहे. हिशेब करून बघा. ४३ इंची पडद्यावर ४:३ चित्र न ताणता लावलं तर त्याचा कर्ण ३५ इंच भरतो. आपल्याकडे घरोघरी ट्यूबचे सेट होते ते २१ इंची, हौशी माणसाकडे २९ इंची. म्हणजे तेच कार्यक्रम आज बाजूला काळं ठेवूनही आधीपेक्षा मोठे दिसतायत. काळ्या पट्टीत तुमचं काही गेलेलं नाही. ताणलं की मात्र माणसाचा चेहरा जातो.

पंचगंगाकाठ
या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, विषय जिव्हाळ्याचा आहे.

४:३ हा टीव्हीवाल्यांनी काढलेला आकार नाही, तो सिनेमाचाच आकार. मूकपटाची चौकट १.३३, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंद, होती, बोलपट आल्यावर १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७ ठरली. म्हणजे बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२९ ला कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ ला पुण्याला गेलेली प्रभात, जयप्रभा स्टुडिओतलं भालजी पेंढारकरांचं काम, हे सगळं याच जवळपास चौकोनी चौकटीच्या काळात उभं राहिलं. बाबूराव मुळात चित्रकार. पडद्यावर कुठे काय बसवायचं याचा विचार चित्रकाराच्या नजरेनं करणारी माणसं होती ही. ती चौकट एक तृतीयांशाने रुंद केली की घोडा बुटका होतो, महालाचे खांब जाड होतात, आणि उभा राहिलेला नट दबलेला दिसतो. झूम केली तर उंचीतला पाव भाग जातो, आणि तो बहुतेक वेळा माथा किंवा पाय असतो. दोन्हींत नुकसान आपलंच आहे, आपल्याच गावच्या माणसांनी केलेल्या कामाचं.

अमेरिकेत टीव्ही घराघरांत यायला लागला तेव्हा प्रेक्षक थेटरात टिकवायला सिनेमा रुंद झाला. १९५३ ला सिनेमास्कोप आला, आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ चा, गुरुदत्त यांचा. त्यामुळे रुंद सिनेमाला टीव्हीवर वर-खाली पट्ट्या येणारच. आजचा १६:९ आकार १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने सुचवला, तो हाच विचार करून. एका टोकाला १.३३, दुसऱ्या टोकाला २.३५, आणि दोघांनाही कमीत कमी काळं सोसावं लागेल असा मधला आकार म्हणजे १.७८. थोडं काळं राहणार हे त्या आकारातच गृहीत धरलेलं आहे.

बाबांना एकदा जुना कृष्णधवल सिनेमा नॉर्मलवर लावून दाखवा. खोलीतला दिवा थोडा मंद केला की त्या पट्ट्या पाच मिनिटांत दिसेनाशा होतात.

मंगळवारपेठी
काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. टीव्हीत कडा मोकळ्या केल्या, स्कोअर पूर्ण दिसायला लागला, बॉक्सचा चॅनल नंबरही. बॉक्समध्ये 'स्ट्रेच' होतंच, ते 'नॉर्मल' केलं. बातम्यांतल्या बाई आता माणसासारख्या दिसतायत, आईनं लगेच ओळखलं. सिनेमाला झूम करायचं बटण बाबांना दाखवलं, ते आता स्वतः करतात.

पण नवीनच एक झालं. लोकल केबलच्या चॅनलवर शाहू स्टेडियमची मॅच आधी बरी दिसायची, ती आता बिघडली. खेळाडू उंच आणि काटकुळे, बॉल अंड्यासारखा उभा. बाजूला बारा-बारा सेंटिमीटर काळं. बाबा पेठेच्या टीमची मॅच चुकवत नाहीत, त्यामुळे हे लवकर सोडवायला हवं.

जुना मेकॅनिक
तुमच्या सेटिंगने ते बिघडलेलं नाही, आधीपासूनच बिघडलेलं होतं, फक्त झाकलं गेलं होतं.

मैदानावरचा कॅमेरा रुंद चित्र काढतो, १६:९. केबलच्या कंट्रोल रूममध्ये ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांत कोंबतात. तिथे 'हे रुंद समजा' ही खूण लावायची राहिली की प्रत्येक बॉक्स ते ४:३ समजून उभट दाखवतो. तुमचा बॉक्स सगळंच ताणत होता, म्हणून ही एक चूक आपोआप बरोबर दिसत होती. गावात निम्म्या लोकांनी बॉक्स 'स्ट्रेच'वर ठेवलेत ते बहुधा याचमुळे.

इलाज कंट्रोल रूममध्ये आहे. तिथे एन्कोडर म्हणून यंत्र असतं, त्यात आकार ४:३ वरून १६:९ करायचा. पाच मिनिटांचं काम आहे, नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. तोपर्यंत मॅचपुरतं बॉक्सचं 'स्ट्रेच' लावा. काही बॉक्सच्या रिमोटवर त्याला थेट बटण असतं.

गोलकीपर
हे वाचून आत्ता लक्षात आलं की बऱ्याच जणांची हीच तक्रार होती. आम्ही काही पोरं मॅचच्या वेळी कॅमेऱ्याच्या मदतीला असतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आणि यूट्यूबच्या लाइव्हवर सगळं झकास दिसतं, आणि घरी केबलवर फोन येतात की पोरं बारीक का दिसतायत. आम्ही लेन्स बदलून बघितली, कॅमेरा मागे नेऊन बघितला. काका, यूट्यूबवर बरोबर आणि केबलवर चुकीचं, म्हणजे एन्कोडरच ना? तिथल्या माणसाला नक्की काय सांगू?

जुना मेकॅनिक
हो, नक्की तेच. यूट्यूबला जाणारं चित्र एचडी असतं, तिथे ठिपके चौरस असतात, खुणेची भानगडच नसते. त्यांना सांगा, एन्कोडरच्या पानावर 'ॲस्पेक्ट रेशो' असं लिहिलेलं सापडेल, तिथे १६:९ करा. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आहे तोच राहू दे, त्याला हात लावू नका. हे सांगायला विसरू नका, कारण काही जण तिथेच आकडे बदलतात आणि मग बॉक्सवर चित्रच येत नाही.

दुसरी एक विनंती. स्कोअरची पाटी अगदी कोपऱ्यात चिकटवू नका. ज्यांनी ओव्हरस्कॅन बंद केलेलं नाही अशी घरं अजून पुष्कळ आहेत. कडेपासून पाच टक्के आत ठेवली की सगळ्यांना दिसते.

गडहिंग्लजकर
आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे, जुना बॉक्स, पिवळी-लाल-पांढरी पिन. यात काही चॅनल चपटे आणि वर-खाली काळे दिसतात. बॉक्समध्ये '४:३ लेटरबॉक्स', '४:३ पॅन स्कॅन' आणि '१६:९' असे तीन पर्याय आहेत. कुठला ठेवायचा?

रंकाळावेस
१६:९. पहिले दोन पर्याय ट्यूबच्या टीव्हीसाठी होते. लेटरबॉक्स ठेवलं की बॉक्स रुंद चित्राला वर-खाली काळं लावतो, आणि मग तुमचा टीव्ही ते सगळं आडवं ताणतो. म्हणून चपटं दिसतं. पॅन स्कॅन दोन्ही बाजू कापून टाकतं.

पिवळ्या पिनमधून आकाराची खूण टीव्हीपर्यंत भरवशाने जात नाही, तेव्हा टीव्हीचा आकार हाताने १६:९ ठेवा, 'ऑटो'वर सोडू नका. आणि बॉक्सला एचडीएमआयची जागा असेल तर ती वायर वापरा. चित्र लगेच सुधारतं, अक्षरांच्या कडा नीट होतात.

उचगावचा दादा
लॅपटॉप टीव्हीला जोडला की खालची टास्कबार दिसत नाही, घड्याळ पण नाही. हे पण तेच ओव्हरस्कॅन का?

जुना मेकॅनिक
तेच. आधी टीव्हीत कडा मोकळ्या करा. तरी राहिलं तर टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव 'पीसी' करून बघा, बऱ्याच टीव्हींत नाव बदललं की टीव्ही कापाकापी थांबवतो. लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्येही चित्र लहान करायची पट्टी असते, पण ती शेवटचा उपाय. तिथे लहान करून टीव्हीत मोठं केलं की अक्षरं फुटतात. आणि लॅपटॉपवर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवा. जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असतो आणि तेच टीव्हीला गेलं तर सगळं धूसर दिसतं.

उचगावचा दादा
पीसी नाव दिल्यावर झालं. लई भारी काका.

पंचगंगाकाठ
काका, माझाही एक प्रश्न. बहिणीच्या लग्नाची कॅसेट होती, ती एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली. सगळी माणसं रुंद. शिवाय चित्राच्या अगदी तळाला फाटल्यासारखी, वळवळणारी एक बारीक पट्टी आहे. ती जुन्या टीव्हीवर कधी दिसली नव्हती.

जुना मेकॅनिक
रुंद झालं ते दुकानात १६:९ मध्ये फाइल केली म्हणून. तुमची कॅसेट ४:३ आहे. पेनड्राइव्ह बघताना टीव्हीचा आकार ४:३ करा, ताणलेलं चित्र परत जागेवर येतं, कारण त्यातलं काही कापलेलं नाही, फक्त ओढलंय. मात्र काही टीव्ही पेनड्राइव्हच्या फाइलला आकार बदलू देत नाहीत. कॅसेट अजून जपून ठेवली असेल तर पुन्हा ४:३ मध्येच उतरवून घ्या, आणि लवकर घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते आणि चालणारे व्हीसीआर कमी होत चाललेत.

खालची पट्टी हा दोष नाही. व्हीसीआरच्या फिरत्या ढोलावर टेप वाचणारी हेड असतात, त्यातलं एक हेड दुसऱ्याकडे काम सोपवतं, तो क्षण चित्राच्या शेवटच्या काही ओळींत दिसतो. ट्यूबच्या टीव्हीत ओव्हरस्कॅनमुळे ती चौकटीआड जायची. दुकानदाराला तेवढ्या ओळी काळ्या करायला सांगा, किंवा तेवढी फाइल बघताना ओव्हरस्कॅन चालू ठेवा. एखाद्या जुन्या एसडी चॅनलवर अगदी वरच्या कडेला पांढरे ठिपके लुकलुकताना दिसले तरी घाबरू नका, तोही चित्राबाहेरचाच भाग आहे.

रंकाळावेस
एक विचारायचं राहिलं. मैत्रिणीकडे ओएलईडी टीव्ही आहे. काळ्या पट्ट्या रोज तास न् तास राहिल्या तर पडद्यावर डाग पडतो म्हणतात. तिने त्या भीतीने सगळं ताणून ठेवलंय.

जुना मेकॅनिक
ओएलईडीत ठिपके स्वतः उजळतात आणि वापराने हळूहळू थकतात. काळ्या पट्टीतले ठिपके बंद असतात, ते थकत नाहीत, मधले थकतात. रोज दिवसभर फक्त ४:३ चाललं तर काही वर्षांनी फरक पडू शकतो. मिश्र बघणं असेल तर काळजी करू नये. त्याहून चॅनलचा एका जागी चिकटलेला ठळक लोगो जास्त त्रास देतो. मंगळवार पेठेतल्या त्या साध्या एलईडीला हा प्रश्नच नाही.

गोलकीपर
काका, काम झालं. केबलच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, तिथल्या दादांनी आमच्यासमोरच १६:९ केलं. परवाची मॅच घरोघरी बरोबर दिसली. स्कोअरची पाटीपण आत घेतली. ज्यांचे बॉक्स 'स्ट्रेच'वर आहेत त्यांना काही फरक पडला नाही, आणि 'नॉर्मल'वाल्यांचं नीट झालं.

मंगळवारपेठी
खरंच झालं! बाबांनी पूर्ण मॅच बघितली, एकदाही रिमोट उचलला नाही. भावा, तुम्ही पोरांनी जाऊन सांगितलंत म्हणून हे झालं, आम्ही नुसते फोन करत बसलो असतो.

तांबडापांढरा
आमच्याकडंपण काकांच्या सांगण्याप्रमाणं केलं. आजी म्हणाली, आता कसं माणसं माणसासारखी दिसतायत. पट्ट्यांचं कुणी विचारलंच नाही.

आता मंडळाचं एक काम आहे. वर्ल्ड कपच्या मॅचना गल्लीत पडदा लावायचा आहे. प्रोजेक्टर मंडळाचाच, जुना, १०२४ बाय ७६८ चा. पडदा नवीन शिवून घेणार आहे. पडद्याचं माप काय द्यावं, आणि प्रोजेक्टरमध्ये काय ठेवावं?

जुना मेकॅनिक
तो प्रोजेक्टर ४:३ चा आहे, पण मॅच १६:९ येणार. प्रोजेक्टरच्या मेनूत आकार १६:९ ठेवा. मग चित्र १०२४ बाय ५७६ ठिपक्यांत बसेल आणि वर-खाली थोडा मंद करडा उजेड राहील. तो पडद्यावर न पडता वर-खाली पडू दे. म्हणजे पडदा १६:९ चाच शिवा, ४:३ चा नको. १२ फूट रुंद घेतलात तर उंची पावणेसात फूट. चारी बाजूंना चार बोटं काळं कापड लावायला सांगा, कडा उठून दिसतात.

प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यरेषेवर ठेवा. माडीवरून तिरका लावला की चित्र वर अरुंद खाली रुंद होतं, मग 'कीस्टोन'ने सरळ करावं लागतं आणि आधीच कमी असलेले ठिपके आणखी वाया जातात. पडद्याच्या मागे वारा जायला वाट ठेवा, नाहीतर पडदा फुगतो आणि मैदानाच्या रेषा वाकतात. पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री अंधार पडल्यावर तो ताटाचा फोटो लावून एकदा मोजून घ्या.